बंगाल बोका भारतात आणायचाय? आधी त्याची पिढी विचारा

पत्र

डॉक्टर, नमस्कार.

माझी मुलगी आणि जावई आठ वर्षांनी अमेरिकेतून कायमचे नाशिकला परत येत आहेत. मे महिन्यात यायचं ठरलंय. त्यांच्याकडे चार वर्षांचा बंगाल जातीचा बोका आहे, शेरू. अंगावर अगदी बिबट्यासारखे ठिपके. ब्रीडरने विकताना 'याच्यात रानटी रक्त आहे' असं मोठ्या कौतुकाने सांगितलं होतं. आता कोणीतरी म्हणालं की अशी मांजरं भारतात आणता येत नाहीत, विमानतळावरच जप्त करतात. मुलगी रडकुंडीला आलीय. एका एजंटने तिला सुचवलं की कागदावर साधं घरगुती मांजर लिहा, कोण बघतंय.

दुसरं असं की पिंपरीला राहणाऱ्या माझ्या पुतण्याला सव्हाना जातीच्या मांजराचं पिल्लू हवंय. एका माणसाशी त्याचं फोनवर बोलणं चाललंय. तो बँकॉकहून आणून देतो म्हणतो आणि साठ हजार आगाऊ मागतोय. एका प्रवाशाला दोन प्राणी आणता येतात म्हणे, तर मुलीनेच शेरूबरोबर त्याच्यासाठीही एक आणावं, असा घरात विचार चाललाय. नातवाचं एक छोटं पाण्यातलं कासवही आहे. आमच्याकडे मात्र साधा मिठू आहे, बारा वर्षांपासून, त्याचा कधी काही त्रास नाही.

काय करावं? मार्गदर्शन करावं.

— एक आई, नाशिक

उत्तर

ताई, नमस्कार.

आधी मुलीला फोन करून सांगा की रडू नकोस. शेरू बहुधा येऊ शकेल. 'बहुधा' म्हणायचं कारण एकच: तो रानमांजरापासून कितव्या पिढीतला आहे, हे तुमच्या पत्रात कुठे नाही, आणि सगळा प्रश्न तिथेच येऊन थांबतो. जप्तीची गोष्ट सांगणाऱ्यानेही हे विचारलं नसणार.

बंगाल ही जात माणसाने घडवलेली आहे. अमेरिकेत जीन मिल नावाच्या बाईंनी आशियातल्या एशियन लेपर्ड कॅट नावाच्या छोट्या रानमांजराचा पाळीव मांजराशी संकर करायला 1963 च्या सुमारास सुरुवात केली. मध्ये खंड पडला. पुढे ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या अभ्यासासाठी असेच संकर करणाऱ्या डॉ. विलर्ड सेंटरवॉल यांच्याकडची मांजरं त्यांना मिळाली, आणि त्यातून आजची बंगाल जात उभी राहिली. ज्या रानमांजराचं रक्त शेरूच्या अंगात आहे ते आपल्या देशातही आहे, पश्चिम घाटातही आहे. आपल्याकडे अशा ठिपकेवाल्या छोट्या रानमांजरांना वाघाटी म्हणतात. आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हे रानमांजर पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघ-बिबट्याच्या पंगतीत. म्हणून 'याच्यात रानटी रक्त आहे' हे ब्रीडरचं वाक्य तिकडे कौतुकाचं असलं, तरी इकडच्या अधिकाऱ्याच्या कानावर पडलं तर तो पुढचा प्रश्न विचारणारच. आणि त्याने तो विचारलाच पाहिजे.

तो प्रश्न पिढीचा. रानमांजर आणि पाळीव मांजर यांचं थेट पिल्लू ते पहिली पिढी. त्याचं पुन्हा पाळीव किंवा बंगाल मांजराशी पिल्लू ते दुसरी. असं पुढे पुढे. वन्यप्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइटिस नावाचा करार आहे. भारत 1976 पासून त्यात आहे आणि अमेरिकाही आहे. घरचं मांजर सोडून मार्जार कुळातला प्रत्येक प्राणी या कराराच्या पहिल्या नाहीतर दुसऱ्या परिशिष्टात येतो. संकराबद्दल या कराराचं धोरण साधं आहे: मागच्या चार पिढ्यांत कुठेही असा रानटी पूर्वज असेल, तर ते पिल्लूही रानटी प्राणीच धरायचं आणि त्याला तेच परवाने लागू करायचे. चार पिढ्या स्वच्छ असतील, म्हणजे पिल्लू पाचव्या किंवा त्यापुढच्या पिढीतलं असेल, तर साइटिसचे कागद लागत नाहीत. मात्र ते स्वच्छ आहे हे दाखवायची जबाबदारी आणणाऱ्याची.

तुमच्या मुलीचं घोडं अडेल तर इथेच अडेल, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

अमेरिकेत मांजरांच्या जातींची नोंद ठेवणारी टीआयसीए ही मोठी संस्था आहे. चांगल्या ब्रीडरकडून घेतलेल्या बंगालच्या नोंदणीपत्रावर बहुतेक वेळा एसबीटी अशी तीन अक्षरं असतात. लोकांना वाटतं, ही अक्षरं दिसली की काम झालं. तसं नाही. एसबीटीचा अर्थ मागच्या तीन पिढ्या बंगाल ते बंगाल आहेत एवढाच. म्हणजे ते मांजर चौथ्या पिढीतलंही असू शकतं, आणि साइटिसची मर्यादा नेमकी चौथ्या पिढीपर्यंत येते. फरक एका पिढीचा, पण परवाना लागणार की नाही ते तिथे ठरतं.

त्यामुळे मुलीने टीआयसीएकडून शेरूची पाच पिढ्यांची प्रमाणित वंशावळ मागवावी. तो कागद असा असतो: डावीकडे मांजराचं नाव, त्याच्या पुढच्या रकान्यात आई-वडील, मग आजी-आजोबा चौघं, मग आठ, मग सोळा, आणि शेवटच्या रकान्यात बत्तीस. पहिल्या चार रकान्यांत मिळून 30 नावं होतात. मुलीने पेन्सिल घेऊन ही 30 नावं एकेक वाचावीत. त्यात कुठेही एशियन लेपर्ड कॅट, किंवा नुसतं एएलसी, किंवा प्रायोनेल्युरस बेंगालेन्सिस हे शास्त्रीय नाव लिहिलेलं नसेल, तर शेरू कागदावर पाळीव मांजर ठरला. ते नाव पाचव्या रकान्यात असेल तर चालेल. चौथ्यात असेल तर चालणार नाही. माझ्या अनुभवात हौशी माणसांना घरात पाळायला विकली गेलेली बहुतेक बंगाल मांजरं पाचव्या पिढीच्या बरीच पुढची असतात, कारण पहिल्या पिढ्या फार महाग आणि सांभाळायला फार कठीण. म्हणूनच मी वर 'बहुधा' म्हटलं.

कागदच नसेल तर? पुष्कळ ब्रीडर 'पाळायलाच नेताय ना' म्हणून नोंदणी न करता पिल्लू देतात. अशा वेळी ब्रीडरला गाठून शेरूच्या आई-वडिलांचे नोंदणी क्रमांक घ्यायचे आणि नोंदणी उशिरा का होईना करून घ्यायची. डीएनए चाचणीच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. लाळेच्या चाचणीतून मांजर कितव्या पिढीचं आहे याचा सरकारदरबारी चालणारा पुरावा मिळत नाही.

आणि शेरू खरोखरच चौथ्या किंवा त्याआधीच्या पिढीतला निघाला, तर मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. मग अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेचा साइटिस परवाना, आपल्या पर्यावरण मंत्रालयाच्या वन्यजीव विभागाची परवानगी, आणि इथे आल्यावर केंद्र सरकारच्या परिवेश संकेतस्थळावर नोंदणी, असा सगळा रस्ता समोर येतो. 2022 ची वन्यजीव कायद्यातली दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तिने साइटिसच्या यादीतल्या प्राण्यांसाठी चौथी अनुसूची आणली, आणि असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्यांच्या नोंदणीचे नियम फेब्रुवारी 2024 मध्ये आले. मे महिन्याच्या घाईत हे बसणार नाही. तसं झालं तर शेरूसाठी तिकडेच, जातीची जाण असलेलं घर शोधणं हे त्याच्यावरच्या प्रेमाचंच काम असेल. पण ती वेळ येईल असं मला आत्ता वाटत नाही.

आता तो एजंट. 'साधं घरगुती मांजर लिहा' हा सल्ला त्याने फुकट दिला असला तरी तुमच्या मुलीला तो फार महागात पडेल. शेरूच्या अंगावरचे ठिपके कुठल्याही पशुवैद्याला दोन हातांवरून दिसतात. आरोग्य प्रमाणपत्रात एक आणि पिंजऱ्यात दुसरं, असं निघालं की मग पाचव्या पिढीचा खरा कागद दाखवला तरी त्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. प्रमाणपत्रावर खरं तेच लिहायचं: पाळीव मांजर, जात बंगाल. सोबत वंशावळ. लपवण्यासारखं काही नसताना लपवाछपवी करून स्वतःच्याच बोक्याला संशयित करू नका.

खरं लिहिण्याचं आणखी एक कारण रेबीजच्या लशीत आहे. अमेरिकेत रानटी प्राण्यांसाठी आणि रानटी-पाळीव संकरासाठी टोचायची कुठलीही रेबीज लस परवानाप्राप्त नाही. लस टोचता येते, पण कायद्याच्या नजरेत ते मांजर लस घेतलेलं ठरत नाही. सुरुवातीच्या पिढ्यांतली मांजरं या मुद्द्यावरही अडतात. शेरूची वंशावळ हातात असेल तर तिकडच्या पशुवैद्यालाही त्याला निर्धास्तपणे पाळीव मांजर म्हणून प्रमाणपत्र देता येतं.

पिढीचा प्रश्न सुटला की बाकीचं काम कुठल्याही कुत्र्या-मांजराला लागतं तेवढंच. परदेशात सलग दोन वर्षं राहून कायमचे परतणाऱ्यांना वास्तव्य बदलाच्या सवलतीखाली सामानाबरोबर पाळीव प्राणी आणता येतात, एका वेळी जास्तीत जास्त दोन. सीमाशुल्क खात्याचं 2013 चं परिपत्रक हेच सांगतं. तुमचे मुलगी-जावई आठ वर्षं तिकडे आहेत, त्यामुळे त्यांना अडचण नाही. पासपोर्टवरचे शिक्के, व्हिसा, तिकडची नोकरी संपल्याचा कागद, सगळं एका फायलीत ठेवायला सांगा.

ना हरकत प्रमाणपत्र पशु संगरोध व प्रमाणन सेवा केंद्राकडून घ्यायचं. हे भारत सरकारचं खातं. ठरावीक विमानतळांवरूनच प्राणी आत येऊ शकतात, तेव्हा नाशिकला यायचं तर मुंबईच. मध्येच कुठे दुसऱ्या शहरात उतरून देशांतर्गत विमानाने यायचा बेत असेल तर तो बदला. अर्ज ऑनलाइन होतो. शेरूच्या मानेखाली पंधरा अंकी मायक्रोचिप असावी आणि लसीच्या पुस्तकावर, आरोग्य प्रमाणपत्रावर, अर्जावर तोच क्रमांक अंकन् अंक जुळावा. हे मी मुद्दाम सांगते, कारण लोक वंशावळीसाठी धावाधाव करतात आणि मायक्रोचिपच्या क्रमांकात एक अंक उलटा लिहून ठेवतात. रेबीजची लस प्रवासाच्या किमान महिनाभर आधी टोचलेली आणि वर्षाच्या आतली हवी. अमेरिकेतलं आरोग्य प्रमाणपत्र मान्यताप्राप्त पशुवैद्याने द्यायचं आणि त्यावर तिथल्या कृषी खात्याचा शिक्का घ्यायचा. मुंबईत उतरल्यावर केंद्राचे डॉक्टर शेरूला तपासतील, आणि कागद नीट असतील, तब्येत ठीक असेल, तर साधारणपणे महिनाभर घरीच वेगळं ठेवायला सांगून सोडतील. उतरण्याची तारीख आणि वेळ त्यांना आधी कळवा. आपल्याकडे येणारी बरीच विमानं मध्यरात्री उतरतात.

विमान कंपनीला स्वतंत्रपणे विचारायचं, आणि उत्तर लेखी घ्यायचं. सरकार हो म्हणालं तरी काही कंपन्या संकरित जातींना सरळ नाही म्हणतात, आणि उन्हाळ्यात पिंजऱ्यातल्या प्राण्यांवर निर्बंध घालतात. मे महिना तुम्हीच ठरवलाय, तो शेरूच्या दृष्टीने सगळ्यात वाईट. जमलं तर माणसांनी मेमध्ये यावं आणि जावई आणि मुलगी यांपैकी एकाने मागे राहून त्याला पाऊस पडल्यावर आणावं. मात्र मागे राहणाऱ्याच्या नावावरच सवलतीचे आणि ना हरकतीचे कागद करायचे. हे सगळ्यांना जमतंच असं नाही, पण विचार करा.

आता पुतण्याचं. इथे माझा आवाज थोडा चढेल, त्याबद्दल गैरसमज नसावा.

दोन प्राण्यांची सवलत कुटुंबाच्या स्वतःच्या पाळीव प्राण्यांसाठी आहे. ज्यांच्याबरोबर राहिलात, ज्यांना मागे सोडून येणं क्रूर ठरेल, त्यांच्यासाठी. पिंपरीतल्या कुणासाठी नवं पिल्लू विकत घेऊन मुलीच्या नावावर आणणं म्हणजे सीमाशुल्क खात्यापुढे खोटं बोलणं. आणि सव्हानाच्या पिल्लाची वंशावळ गडबडीची निघाली, तर शेरूही त्याच फेऱ्यात अडकेल. आठ वर्षांनी घरी परतणाऱ्या मुलीवर हे ओझं टाकू नका.

बँकॉकच्या माणसाला साठ हजार तर नाहीच. मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या प्रवाशांच्या बॅगांतून पकडल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या बातम्या तुम्ही वाचत असालच: कपड्यांच्या घड्यांत, प्लास्टिकच्या डब्यांत, मोज्यांत कोंबलेले सरडे, माकडांची पिल्लं, पक्षी. त्यातले कित्येक उघडतानाच मेलेले असतात. असा माणूस तुमच्या पुतण्याला एकतर पैसे घेऊन गायब होईल, नाहीतर ठिपके असलेलं कुठलंही मांजर आणून देईल, नाहीतर खरंच काहीतरी आणेल आणि तेव्हा पोलिसांचं आणि वनखात्याचं दार वाजेल. तिन्हीपैकी पहिली गोष्ट झाली तर तुमचं नशीब. पुतण्या परदेशात राहून परतत नाही, तेव्हा सामानाची सवलत त्याला लागू नाही. त्याला परकीय व्यापार महासंचालनालयाचा परवाना काढावा लागेल, वर पशुसंवर्धन खात्याचा आयात परवाना, आणि पिढी अलीकडची असेल तर साइटिस. 'दोन आठवड्यांत घरपोच' म्हणणाऱ्याकडे यातलं काही नसतं.

आणि नियमांच्या पलीकडचंही सांगते, कारण पुतण्या तरुण आहे आणि 'सगळे नियम म्हणजे अडवणूक' असं या वयात वाटतं. सव्हाना म्हणजे आफ्रिकेतल्या सर्व्हल नावाच्या रानमांजराचा आणि पाळीव मांजराचा संकर. पहिलं पिल्लू 1986 साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात जन्मलं. सर्व्हल नर पंधरा किलोच्या पुढेही जातो, घरचं मांजर चार-पाच किलोचं. सर्व्हलचा गर्भकाळ साधारण 74 दिवसांचा, मांजरीचा 65 च्या आसपास. हे जमवायला किती मांजरींचा जीव टांगणीला लागत असेल आणि किती पिल्लं अपुऱ्या दिवसांची जन्मत असतील, हे मी पशुवैद्य म्हणून तुम्हाला रंगवून सांगायला नको. पहिल्या काही पिढ्यांतले नर वांझ असतात, म्हणून पैदास चालू ठेवायला पुन्हा पुन्हा रानटी नराकडेच जावं लागतं. एखाद्या पिंजऱ्यात आयुष्यभर एक सर्व्हल ठेवायचा, का, तर कुणाच्या दिवाणखान्यात ठिपके फिरावेत म्हणून. आणि ते पिल्लू दोन वर्षांचं झालं की कपाटावरून उड्या मारतं, सोफ्यावर मुततं, पाहुण्यांच्या पायाला लागतं, आणि मग माझ्यासारखीला फोन येतो, 'डॉक्टर, कुठे सोडता येईल का?' कुठेही सोडता येत नाही.

म्हणूनच जगभर हे दार हळूहळू बंद होत आलंय. ऑस्ट्रेलियाने 2008 मध्येच सव्हाना मांजरांना देशात बंदी घातली, कारण तिथले छोटे जमिनीवरचे प्राणी आधीच मांजरांनी संपवत आणलेत. ब्रिटनमध्ये पहिल्या पिढीचं संकरित मांजर ठेवायला 1976 च्या धोकादायक वन्यप्राणी कायद्याखाली परवाना लागतो. सिंगापूर पाचव्या पिढीच्या आतलं बंगाल किंवा सव्हाना आत घेत नाही. अमेरिकेतच हवाईमध्ये ती चालत नाहीत. मुलीच्या मैत्रिणींपैकी कोणी अशा मांजरासह दुसऱ्या देशात निघालं असेल तर हे त्यांच्याही कामाचं.

पुतण्याला ठिपक्यांचीच ओढ असेल तर त्याला म्हणावं, जुन्नर-आंबेगावकडे ऊसतोडणीच्या दिवसांत जा. तोडणी चालू असताना फडात रानमांजराची पिल्लं सापडतात, मुठीत मावतील एवढी. मजूर घाबरतात, बिबट्याची पिल्लं म्हणून गाव गोळा होतं, मोबाइल बाहेर निघतात. मग वनखात्याची माणसं आणि वन्यजीव डॉक्टर येतात, पिल्लं तपासतात, आणि संध्याकाळी त्याच जागी एका खोक्यात ठेवून लांब थांबतात. रात्री आई येते आणि एकेकाला मानेला धरून घेऊन जाते. कधी दुसऱ्या रात्री येते. कधी येतच नाही. हे काम करणाऱ्यांना गावोगावी जाऊन सांगणारी, गर्दी मागे हटवणारी तरुण माणसं सतत हवी असतात. आणि घरात मांजर हवं असेल तर पिंपरी-चिंचवडमध्ये दत्तक द्यायच्या देशी पिल्लांची कमी नाही. त्यातली निम्मी ठिपक्या-पट्ट्यांचीच असतात.

शेरू नाशिकला आल्यावर या रानमांजरांसाठी तुम्हालाही एक गोष्ट पाळायची आहे. त्याची नसबंदी झालेली नसेल तर निघण्याआधी तिकडेच करून घ्या आणि इथे त्याला बाहेर मोकळा सोडू नका. तुमच्या आसपास द्राक्षबागा आहेत, ओढे आहेत, तिथे आपली रानमांजरं वावरतात. पाळीव मांजरांचे आजार त्यांना होतात आणि संकरही होऊ शकतो. बाल्कनीला जाळी, वर चढायला दोन-तीन फळ्या, खेळायला पाण्याचं घमेलं. बंगाल मांजरांना पाण्याचं वेड असतं, नळ चालू दिसला की पंजा घालतातच. मेच्या उन्हात तर त्याला ते घमेलंच आवडेल.

कासव तिकडेच राहू द्या. सामानातल्या सवलतीत कुत्री-मांजरं येतात, कासव नाही. शिवाय अमेरिकेत मुलांना मिळणारं ते लाल कानाचं कासव असेल, तर आपल्या तळ्यांत त्याने आधीच पुष्कळ घोळ घातलाय. नातवाला शाळेतला एखादा मित्र शोधू द्या, कासव स्वतःच्या हाताने त्याच्याकडे सोपवू द्या. मुलांना हे जमतं, आपणच उगाच घाबरतो.

राहिला तुमचा मिठू. ताई, तुम्ही विचारलं नाही, तरी मला सांगावंच लागेल. 'साधा मिठू' म्हणजे आपला लाल चोचीचा पोपट असणार, आणि तो आपल्या कायद्याने संरक्षित वन्यपक्षी आहे. घरात पिंजऱ्यात ठेवायला मनाई आहे. गंमत अशी की हाच पोपट साइटिसच्या यादीत नाही, त्यामुळे लोकांना वाटतं चालतं. देशाबाहेर व्यापारावर त्या करारानं बंधन नसलं तरी देशात आपला कायदा आहेच. बारा वर्षं तुम्ही त्याला जीव लावलाय, त्याच्या जेवणाची वेळ तुमच्या जेवणाची वेळ झाली असेल, हे मला कळतं. पण मुलगी विमानतळावर शेरूचे कागद दाखवत असताना आजीच्या ओट्यावर बेकायदा पोपट असावा, हे तुम्हालाही पटणार नाही.

त्याला एकदम उडवून देऊ नका. बारा वर्षं पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याचे पंख दुबळे झालेले असतात, अन्न शोधायची सवय मोडलेली असते, दोन दिवसांत कावळे त्याला संपवतील. वनखात्याच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करा, खरं सांगा आणि जवळच्या उपचार केंद्राबद्दल विचारा. स्वतःहून फोन करणाऱ्या माणसाला घाबरण्याचं काही कारण नसतं, असा माझा अनुभव आहे. जाताना त्याची खायची सवय, तो कुठल्या हाकेला ओ देतो, पूर्वी कधी आजारी होता का, एवढं एका कागदावर लिहून द्या.

आणि आज संध्याकाळी मुलीला एवढंच म्हणा: ब्रीडरचा फोन लाव, शेरूचा नोंदणी क्रमांक घे, आणि टीआयसीएकडे पाच पिढ्यांच्या वंशावळीसाठी अर्ज कर. तिकीट त्यानंतर.

तुमची,
डॉक्टर